वाचण्यापुरता पत्ता

सावरगावचे नाव निघाले की ऐकणाऱ्याला जाम नदी, पोळ्याचा दुसरा दिवस आणि पांढुर्णेकरांशी होणारी गोटमार आठवते. प्रस्तुत लेखात त्यातले काहीच नाही, हे आधी सांगून टाकलेले बरे. ज्या कामात माझी उमेदीची सारी वर्षे गेली ते काम आपल्या पत्रिकेत कधी आले नाही. ते मराठीत सांगता येईल की नाही, अशी शंका खुद्द मलाही पुष्कळ दिवस होती. संगणकाच्या अगदी पोटात, ज्याला कर्नल म्हणतात त्या गाभ्यात, यंत्राच्या निरनिराळ्या भागांशी बोलणारे छोटे छोटे कार्यक्रम असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. कळफलक, पडदा, तापमापक, वजनकाटा, प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा. हे कार्यक्रम बहुतांशी सी नावाच्या भाषेत लिहिले जातात. त्या भाषेतल्या ‘कॉन्स्ट’ या एकाच शब्दाविषयी, आणि तो वाटेत गळून पडू न देण्याविषयी मला लिहावयाचे आहे.

सी भाषेत एका फंक्शनने दुसऱ्याला काही द्यायचे असेल तर पुष्कळदा वस्तू देत नाहीत, तिचा पत्ता देतात. या पत्त्याला पॉइंटर म्हणतात. मोठी नोंद उचलून नेण्यापेक्षा ती कोठे आहे एवढे सांगणे स्वस्त पडते, हे त्याचे साधे कारण. पण पत्ता हाती आला की घेणारा सरळ घरात शिरू शकतो. मग तो नुसता पाहून परत येईल की भिंतीला खिळे ठोकील, ते देणाऱ्याच्या हाती राहत नाही.

पत्ता आणि घर या दोन वस्तू वेगळ्या, हे आम्हा सीमेवरच्या लोकांना निराळे समजावून सांगायला नको. आमच्या आजोबांच्या तरुणपणी पत्रावर मध्यप्रांत व वऱ्हाड असे लिहीत. 1950 मध्ये तोच मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरच राहिली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही नागपूरच्या इतके जवळ असून भोपाळचे झालो. त्यानंतर दोन पिढ्या आम्ही जिल्हा छिंदवाडा असे लिहिले. 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा तेही खोडले. घराची ओसरी मात्र होती तेथेच आहे. याच्या उलट, पत्ता पन्नास वर्षे तोच आणि आतल्या भिंती दर पिढीला पाडलेल्या, अशीही घरे गावात आहेत. सी भाषेला या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगता येतात. पॉइंटर दाखवण्यासाठी तारकेचे चिन्ह वापरतात. त्या तारकेच्या अलीकडे कॉन्स्ट लिहिले तर अर्थ असा, की या पत्त्यावरून घराला हात लावायचा नाही; चिठ्ठीवर मात्र उद्या दुसऱ्या घराचा पत्ता लिहिता येईल. तारकेच्या पलीकडे लिहिले तर चिठ्ठी कायमची, घरात वाटेल ती मोडतोड करा. नवशिके येथे हमखास गोंधळतात. मला जे सांगायचे आहे ते पहिल्या प्रकाराविषयी, म्हणजे केवळ वाचण्यापुरत्या दिलेल्या पत्त्याविषयी.

हा शब्द सी भाषेत जन्मतः नव्हता. बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी 1981 मध्ये ‘केवळ वाचण्यासाठी’ आणि ‘केवळ लिहिण्यासाठी’ अशा अर्थाचे दोन शब्द सुचवले. त्यांतला पहिला नाव बदलून कॉन्स्ट म्हणून टिकला आणि 1989 च्या अमेरिकी प्रमाणात सी भाषेचा अधिकृत शब्द झाला. भाषेचे जनक डेनिस रिची यांना तो फारसा रुचला नव्हता. ‘नोएलिअस’ या अशाच आणखी एका शब्दाविरुद्ध त्यांनी 1988 मध्ये समितीला खरमरीत पत्र लिहिले आणि तो शब्द गेला; त्याच पत्रात कॉन्स्टविषयीही, याचे ओझे याच्या उपयोगाला परवडते का, अशी शंका त्यांनी व्यक्त केली होती. रिचींविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो कमी न होऊ देता मी म्हणेन, की ड्रायव्हरच्या बाबतीत हे ओझे परवडते. मात्र अट एकच. ते शेवटच्या हातापर्यंत वाहून न्यायला हवे.

ही अट जुन्या घरांना अपरिचित नाही. आमच्याकडे एक हस्तलिखित पोथी होती. श्रावणात पारायणासाठी लोक ती मागायला येत. आजोबा देत, पण बजावून देत, की पानावर खूण करायची नाही, शाईची दौत जवळ न्यायची नाही. नेणारा सहसा भला माणूस असे आणि त्याचा शब्द तो पाळी. पण त्याच्याकडून ती त्याच्या मेहुण्याकडे जाई, मेहुण्याकडून शेजाऱ्याकडे. पोथी पुढे जाई, अट मागेच राही. परत आलेल्या पोथीच्या समासात कोणाच्या तरी मुलाची गणिते सापडत. दोष कोणाला द्यायचा? पहिल्याने काही लिहिले नव्हते, आणि तिसऱ्याला कोणी काही सांगितले नव्हते.

सी भाषेचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरवणारा कार्यक्रम, नेमका या मधल्या हातावर पहारा ठेवतो. वाचण्यापुरता मिळालेला पत्ता तुम्ही अशा फंक्शनला देऊ लागलात की ज्याने लिहिणार नाही असे वचन दिलेले नाही, तर तो हटकतो. हा पहारा कागदावरचा आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. वस्तू ज्या जागी आहे ती जागा लिहिण्याजोगी असेल, तर कॉन्स्टने तिला कुलूप लागत नाही. त्या वाटेने येणाऱ्याने लिहायचे नाही, एवढाच करार होतो.

खरे कुलूप लागते ते वस्तूच मुळात अचल म्हणून जाहीर केली तर. प्रत्येक ड्रायव्हरजवळ एक तक्ता असतो: यंत्र उघडायचे तर या फंक्शनकडे जा, वाचायचे तर त्या, बंद करायचे तर तिसऱ्या. हा तक्ता लिहिण्याजोग्या जागेत पडून राहिला आणि कर्नलमधल्या दुसऱ्याच एखाद्या फटीतून घुसलेल्या माणसाने त्यातला एक पत्ता बदलला, तर पुढच्या वेळी यंत्र उघडताना कर्नल आपल्या सर्वाधिकारांसह त्या घुसखोराचेच काम करू लागेल. म्हणून 2006-07 च्या सुमारास अर्जान व्हॅन डी व्हेन आदी मंडळींनी लिनक्समधल्या अशा तक्त्यांवर एकामागून एक कॉन्स्ट लावायला घेतले. तसे केले की तक्ता वाचनमात्र पानांत जातो आणि तेथे लिहू पाहणाऱ्याला संगणकाचा प्रोसेसरच अडवतो. सुरुवातीला एकदा लिहावे लागते पण नंतर कधीच नाही, अशा वस्तूंसाठी केस कुक यांनी 2016 मध्ये, 4.6 या आवृत्तीत, आरंभानंतर कुलूप घालण्याची सोय आणली. तिची मूळ कल्पना पॅक्स या जुन्या सुरक्षा-प्रकल्पाची.

एक गंमत येथेच सांगतो. ड्रायव्हरमध्ये ‘रीड’ नावाचे फंक्शन असते आणि ‘राइट’ नावाचे असते. वापरणाऱ्याने दिलेल्या जागेचा पत्ता ‘राइट’ला कॉन्स्ट म्हणून मिळतो, ‘रीड’ला मात्र मोकळा मिळतो. विद्यार्थी म्हणतात, छापताना उलटे झाले. उलटे काही नाही. वापरणारा वाचतो तेव्हा कर्नलला त्याच्या पाटीवर लिहावे लागते, आणि तो लिहितो तेव्हा कर्नल नुसते वाचतो. वचन नेहमी पत्ता घेणाऱ्याच्या बाजूने वाचायचे असते.

कुलूप नसलेल्या ठिकाणी हे वचन ढळले तर काय होते, ते मी 2015 च्या कापसाच्या हंगामात एका खरेदी केंद्रावर पाहिले. ते गाव आणि यंत्र पुरवणारी कंपनी यांची नावे येथे नकोत. तेथे दोन वजनकाटे होते, एक उन्हात अंगणात, दुसरा शेडमध्ये. दोन्हींच्या लोड सेलचा सूक्ष्म विद्युतसंकेत एकाच चिपेकडे येई आणि अंकांत उतरे. त्या चिपेचे मापांकन, म्हणजे संकेत किती तर वजन किती याचा गुणक, सकाळी यंत्र सुरू होताना एकदा वाचून स्मृतीतल्या एका नोंदीत ठेवला जाई. तक्रार अशी होती, की दुपारनंतर दोन्ही काटे वजन कमी दाखवतात. दहा क्विंटलला चार-पाच किलो. हा आकडा लहान वाटेल, पण हंगामभराच्या गाड्यांचा हिशेब केला की लहान राहत नाही, आणि तो नेहमी एकाच्याच खिशातून जात होता. कंपनीचा माणूस आला, त्याने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, प्रमाणित वजने ठेवून पाहिली, सारे बरोबर निघाले आणि तो सही घेऊन गेला. असे दोनदा झाले. खरी खूण सांगितली ती तेथल्या एका वृद्ध हमालाने: अंगणातला काटा ज्या दिवशी बंद असतो, त्या दिवशी शेडमधला सायंकाळपर्यंत चोख चालतो.

ड्रायव्हरचा मजकूर मागवून पाहिला तेव्हा उलगडा झाला. अंगणातल्या काट्याला तापमापक जोडलेला होता, कारण उन्हाने धातू तापला की संकेत किंचित बदलतो. ही तापमान-दुरुस्ती करणाऱ्या फंक्शनला काट्याच्या छोट्या नोंदीचा पत्ता दिलेला होता आणि त्यावर कॉन्स्ट स्वच्छ लिहिलेले होते. म्हणजे हे फंक्शन काही बदलणार नाही, असे वाचणाऱ्याने समजायचे. आत मात्र ते त्या छोट्या नोंदीवरून तिला पोटात घेऊन असलेल्या मोठ्या नोंदीकडे जाई, तेथला सामाईक गुणक काढी, दुरुस्त करी आणि तेथेच परत लिहून ठेवी. पुढच्या वजनाच्या वेळी आधीच दुरुस्त झालेल्या गुणकाची पुन्हा दुरुस्ती. असे दिवसभर साठत जाई, आणि शेडमधला काटाही तोच गुणक वापरी. यंत्र पुन्हा सुरू केले की मूळ गुणक परत येई, म्हणून तपासणीत सारे बरोबर. उपाय चार ओळींचा होता: दुरुस्त गुणक स्वतःपुरता वेगळा काढायचा, त्या एका वजनाला वापरायचा आणि टाकून द्यायचा.

कंपायलरने हटकले का नाही, हा यातला खरा प्रश्न. जबरदस्तीने कॉन्स्ट काढून टाकल्याची एकही खूण त्या मजकुरात नव्हती. लिहिणाऱ्याने कोणतेही कुलूप तोडले नव्हते. त्याने वापरला होता तो कर्नलमधला सर्वांत नित्याचा मॅक्रो, कंटेनर-ऑफ. लिनक्समध्ये सामान्य वस्तू विशेष वस्तूच्या पोटात ठेवण्याची रीत आहे. कर्नलचा सामाईक भाग ड्रायव्हरला ‘एक उपकरण’ एवढ्याचाच पत्ता देतो आणि हे उपकरण ज्या वजनकाट्याच्या नोंदीत बसवले आहे त्या नोंदीचा आरंभ ड्रायव्हरने मागे मोजत जाऊन काढायचा असतो. ओसरीतल्या खांबावरून अख्ख्या वाड्याचा पत्ता काढण्यासारखे हे आहे. ते मागे मोजणे कंटेनर-ऑफ करतो. मात्र त्याच्या पोटात एक रूपांतर दडलेले आहे आणि त्यात कॉन्स्ट गळून पडते. खांब वाचण्यापुरता मिळालेला असला तरी वाडा मोकळा हाती येतो, आणि कंपायलरच्या मते सारे रीतसर असते.

हा दोष जाणकारांना ठाऊक नव्हता असे नाही. पण हा मॅक्रो कर्नलभर इतक्या ठिकाणी वापरलेला आहे, की त्याला हात लावायचा म्हणजे अख्ख्या गावाची पाइपलाइन उकरायची. शेवटी 2022 च्या अखेरीस ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्याच्या शेजारी दुसरा मॅक्रो आणला, कंटेनर-ऑफ-कॉन्स्ट. तो फेब्रुवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 6.2 आवृत्तीत आला. तो आलेल्या पत्त्याचा प्रकार पाहतो: पत्ता वाचण्यापुरता असेल तर मोठ्या नोंदीचा पत्ताही वाचण्यापुरताच परत देतो, मोकळा असेल तर मोकळा. युक्ती चार ओळींची आहे. जुन्या मॅक्रोच्या टिपणीतही, येथे कॉन्स्ट हरवते, असा इशारा त्याच सुमारास लिहिला गेला.

त्यामागून जे काम सुरू झाले ते मला या मॅक्रोहूनही मोलाचे वाटते. उपकरण आणि ड्रायव्हर यांची जोडी जुळते का हे ठरवणारे ‘मॅच’ नावाचे एक फंक्शन प्रत्येक बसजवळ असते. बस म्हणजे उपकरणे जोडण्याचा सामाईक मार्ग. हे फंक्शन वधूवरांच्या पत्रिका पाहणाऱ्या जोश्यासारखे: गुण जुळतात का ते सांगायचे, पत्रिकेत फेरफार करायचा नाही. तरी वर्षानुवर्षे त्याला ड्रायव्हरचा मोकळा पत्ता दिला जात होता. सप्टेंबर 2024 च्या 6.11 आवृत्तीत तो वाचण्यापुरता झाला. एवढ्यासाठी कर्नलमधल्या झाडून साऱ्या बसची ही फंक्शने दुरुस्त करावी लागली, कारण कॉन्स्ट एका जागी लावले की खालचे प्रत्येक फंक्शन आपापले वचन मागते. ज्याने हे काम कधी केले आहे त्याला तो वैताग ठाऊक असेल. जुन्या सदऱ्याचा सुटलेला एक धागा ओढावा आणि बाही हातात यावी, तसे होते. आणि अशा वेळी एक जबरदस्तीचे रूपांतर घालून मोकळे होण्याचा मोह होतो.

तसे रूपांतर सर्वत्र निषिद्ध आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. दोन तारांवरून लहान चिपांशी बोलण्याची आय-टू-सी नावाची पद्धत आहे. तिच्या निरोपाच्या नोंदीत बफरचा एकच पत्ता असतो. पाठवायचे असो वा घ्यायचे, जागा तीच. घेताना तेथे लिहावे लागते, म्हणून तो पत्ता मोकळाच ठेवावा लागतो. परिणामी पाठवण्याचे फंक्शन आपल्याकडून वाचण्यापुरता पत्ता घेते आणि आत उघडउघड त्यावरचे कॉन्स्ट काढून तो पुढे देते. एसपीआय या दुसऱ्या पद्धतीत पाठवण्याचा आणि घेण्याचा असे दोन पत्ते वेगळे ठेवले आहेत, त्यामुळे पहिल्यावर कॉन्स्ट शेवटपर्यंत टिकते. रचना एसपीआयचीच चांगली. पण आय-टू-सीमधले ते रूपांतर डोळ्यांना दिसते, तपासणाऱ्याला त्यावर बोट ठेवून कारण विचारता येते आणि उत्तरही आहे. नोंदणी कार्यालयात सही करून केलेली खाडाखोड आणि रात्रीतून बदललेला आकडा यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

न दिसणारी आणखी एक वाट आहे. एकाच कुळातल्या चार-पाच चिपांना मिळून एक ड्रायव्हर असतो आणि प्रत्येक चिपेची वैशिष्ट्ये एका अचल नोंदीत ठेवलेली असतात. ड्रायव्हरला त्या नोंदीचा पत्ता दोन मार्गांनी मिळू शकतो. यंत्राच्या रचनेचे जे वर्णन आरंभी कर्नलला दिलेले असते, त्याच्या मार्गाने आला तर तो कॉन्स्ट पॉइंटर म्हणूनच येतो. जुन्या ओळख-तक्त्याच्या मार्गाने आला तर तो नुसता एक पूर्णांक म्हणून ठेवलेला असतो, आणि पूर्णांकातून पुन्हा पत्ता करताना लिहिणाऱ्याने आठवणीने कॉन्स्ट लिहिले तरच ते असते. अलीकडे हे दोन्ही मार्ग एकत्र करून कॉन्स्ट पत्ताच परत देणारी फंक्शने उपलब्ध झाली आहेत. नवा ड्रायव्हर तपासताना मी प्रथम हीच ओळ शोधतो.

खुद्द भाषेनेही या बाबतीत उशीर केला. मजकुरात एखादे अक्षर शोधून त्याचा पत्ता देणारे ‘एसटीआरसीएचआर’ हे प्रमाण ग्रंथालयातले फंक्शन 1989 पासून वाचण्यापुरता मजकूर घेई आणि त्याच्याच आतला मोकळा पत्ता परत देई. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या प्रमाणात, ज्याला सी-तेवीस म्हणतात, हे आणि याचे भाऊबंद आलेल्या पत्त्याचा प्रकार राखून परत देतात. डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट या दुसऱ्या भाषेला प्रवेश मिळाला. तिच्यात रीत उलटी आहे: काही न लिहिले तर वाचण्यापुरते, आणि बदलायचे असेल तर तसे म्हणून मागावे लागते. ती रीत मला अधिक पटते. पण सीमध्ये लिहिलेले जुने ड्रायव्हर अगणित आहेत आणि ते उद्या नाहीसे होणार नाहीत. जुना कंटेनर-ऑफ आपल्या इशाऱ्यासह जागच्या जागी आहे, आणि त्याचे एकेक ठिकाण गाठून तेथे नवा बसवणे चालू आहे. प्रत्येक वेळी बदल सहसा एका शब्दाचा असतो. मात्र तो लावल्यावर कंपायलर कोठे कोठे ओरडतो ते थांबून वाचावे लागते, आणि त्या ओरडण्यात कधी कधी असा एखादा काटा सापडतो.